'पॅसिफाय' म्हणजे शांत करणे, पण कशाच्या जोरावर?

धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. खानदेशातले भिल्ल आणि कंपनी सरकार या विषयावर ते लघुप्रबंध लिहीत आहेत. इंग्रजी साधनांत 'पॅसिफाय' आणि 'पॅसिफिकेशन' हे शब्द त्यांना जागोजागी भेटतात. कोशात 'शांत करणे, शमवणे, सांत्वन करणे' असे अर्थ मिळाले, म्हणून त्यांनी 'आउटरमने भिल्लांना शांत केले' असं लिहिलं. (आउटरम म्हणजे कंपनीचा एक लष्करी अधिकारी.) मार्गदर्शक बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली, पर्याय मात्र सांगितला नाही. जोडीला आणखी एक शंका आहे. त्यांचा भाऊ कॉल सेंटरमध्ये आहे आणि तिथे 'कस्टमरला पॅसिफाय कर' हे उठताबसता कानावर पडतं. मग तिथला शब्द आणि गॅझेटियरमधला शब्द एकच का?

एकच आहे, आणि खरी अडचण तीच आहे. मी सुरुवातीला वर्तमानपत्राच्या डेस्कवर इंग्रजी बातम्या मराठीत आणायचं काम करत होते, पुढे सरकारी आणि ऐतिहासिक कागदपत्रांच्या अनुवादाकडे वळले. दोन्हीकडे हा शब्द आला की हात थांबतो. बाईंची रेघ योग्य जागी आहे असं माझं मत आहे. कोशातला अर्थही चुकलेला नाही. कोश एवढंच सांगू शकतो की शेवटी काय झालं.

लॅटिनमधल्या 'पाक्स' म्हणजे शांतता आणि 'फाकेरे' म्हणजे करणं, या दोहोंतून हे क्रियापद आलं. ते फक्त शेवट सांगतं: आधी गडबड होती, आता नाही. मधे कुणी समजावलं, पैसे दिले, दम भरला की गोळ्या घातल्या, याबद्दल ते तोंड उघडत नाही. आपल्या क्रियापदांचं तसं नाही. आपण रुसवा काढतो, समजूत घालतो, मनधरणी करतो, चुचकारतो, गप्प बसवतो, जरब बसवतो, बंड मोडतो. प्रत्येकात साधन आलेलंच असतं. त्यामुळे अनुवादकाला इंग्रजी वाक्यात नसलेली माहिती लागते, आणि ती आजूबाजूच्या परिच्छेदांतून किंवा दुसऱ्या साधनांतून शोधावी लागते. मी वाक्याला पहिला प्रश्न विचारते तो 'कशानं?' आणि दुसरा 'हे कोण म्हणतंय?'. बाकी सगळं त्यातून सुटतं, कधी लवकर, कधी आठवडाभर डोकं खाऊन.

डेस्कवरची उदाहरणं आधी सांगते, कारण ती सोपी आहेत. भारतीय इंग्रजी बातमीत हा शब्द फार लाडका. पक्षातल्या ज्येष्ठांनी नाराज आमदाराला 'पॅसिफाय' केलं, अशी बातमी येते. नवा उपसंपादक झटकन 'मनधरणी केली' लिहून मोकळा होतो. पण मनधरणी म्हणजे प्रयत्न. तो फसूही शकतो, आणि पुष्कळदा फसतोच. इंग्रजी क्रियापद भूतकाळात आलं की काम फत्ते झालेलं असतं. म्हणून 'समजूत काढली' किंवा 'नाराजी दूर केली' हवं. उलट इंग्रजीत 'ट्राइड टु पॅसिफाय' असेल तर मनधरणी अगदी चपखल बसते.

पोलिसांनी जमावाला 'पॅसिफाय' केलं, ही दुसरी नेहमीची बातमी. इथे खालचे परिच्छेद वाचल्याशिवाय मथळा देऊ नये. अधिकारी पुढे येऊन बोलले आणि रास्ता रोको मागे घेतला गेला असेल, तर 'समजूत घातली'. लाठ्या चालल्या असतील तर 'जमाव पांगवला'. काहीच कळत नसेल तर 'परिस्थिती आटोक्यात आणली', हे इंग्रजीइतकंच मोघम आणि म्हणून प्रामाणिक. आपली भाषा साधन सांगते म्हटलं, म्हणून ती पडदे घालत नाही असं समजू नका. 'सौम्य लाठीमार' हा शब्दप्रयोग आपणच वापरात ठेवला आहे, आणि लाठी पाठीवर पडलेल्या माणसाला तिच्यातला सौम्यपणा कधी जाणवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता भावाचा कॉल सेंटर. 'ग्राहकाला पॅसिफाय करा' ही आतल्या आत दिलेली सूचना व्याकरणाने शुद्ध आहे. पण तिच्यात ग्राहकाच्या तक्रारीचा विचार नाही, त्याच्या आवाजाचा आहे. तक्रार तशीच राहिली तरी चालेल, माणूस ओरडायचा थांबला पाहिजे. म्हणून हा शब्द ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये कधीही जाऊ देऊ नये. 'तुम्हाला पॅसिफाय करण्यासाठी आम्ही फोन केला' हे वाचून शांत झालेला माणूसही पेटेल. इंग्रजीत हे क्रियापद बहुतेक वेळा वरून खाली वाहतं: मोठा लहानाला, सत्ता प्रजेला, शहाणा चिडलेल्याला. समोरच्याशी थेट बोलताना तक्रार सोडवण्याचे किंवा खात्री देण्याचे शब्द वापरावेत. घरातही तेच. 'सासूबाईंना पॅसिफाय केलं' असं इंग्रजीत म्हटलं तर सासूबाई हट्टी पोर ठरतात, 'आईंची समजूत काढली' यात त्या मोठ्याच राहतात.

व्याकरणाची एक गोष्ट भावाला सांगा. या क्रियापदाला कर्म लागतं. 'तो पॅसिफाय झाला' अशा अर्थी कर्माशिवाय इंग्रजीत वापरता येत नाही, तिथे 'काम डाऊन' म्हणायचं. शिवाय दुखणाऱ्या घशाला किंवा उन्हाने भाजलेल्या त्वचेला हा शब्द चालत नाही, तिथे 'सूद' लागतं. अमेरिकेत तान्ह्या बाळाच्या चोखणीला 'पॅसिफायर' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'डमी'. बाळाला भूक लागलेली असली तरी चोखणी त्याला गप्प करते, पोट भरत नाही. कॉल सेंटरमधला अर्थ याच्या अगदी जवळचा आहे.

'अपीज' याच घरातला शब्द वाटतो, पण त्यात साधन ठरलेलं आहे: समोरच्याला काहीतरी देऊन. ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिकमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरला देऊ केला, चेकांना चर्चेला न बसवता. तोवर 'अपीजमेंट' हे धोरणाचं सभ्य नाव होतं. पुढच्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि ती शिवी झाली. मराठीत आपण 'तुष्टीकरण' म्हणतो किंवा 'लांगूलचालन'. दोन्ही एकाच मापाचे नाहीत. तुष्टीकरणात दिलेल्या सवलतीवर बोट आहे, लांगूलचालनात देणाऱ्याच्या लाचारीवर. अनुवादात दुसरा शब्द घातला की लेखकाने न केलेली टीका आपण त्याच्या नावावर टाकतो. 'पॅसिफाय'साठी मात्र दोन्हींपैकी एकही घेऊ नका.

आपल्याकडचा एक वापर कोशात सहसा सापडत नाही, पण तो अगदी काटेकोर आहे. आयुर्वेदाच्या इंग्रजी पुस्तकांत 'पित्ताला पॅसिफाय करणारा आहार' असं येतं. तिथे तो 'शमन' या संज्ञेचा इंग्रजी अवतार आहे. आयुर्वेदात शोधन आणि शमन असे चिकित्सेचे दोन मार्ग आहेत. शोधनात वमन, विरेचन अशा क्रियांनी दोष शरीराबाहेर काढतात, शमनात बाहेर न काढता जागच्या जागी समस्थितीत आणतात. तेव्हा ते परत मराठीत आणताना 'पित्तशामक आहार' म्हणावं. 'पित्ताला शांत करणारा' असं लिहिलं की संज्ञा हरवते.

आणि एक वापर असा की जिथे मराठीत सरळ 'तह' म्हणावं लागतं. १५७६मध्ये नेदरलँड्समधल्या प्रांतांनी आपसांत करार करून स्पॅनिश फौजांविरुद्ध एकजूट केली. इतिहासात त्याचं नाव 'पॅसिफिकेशन ऑफ घेंट'. इथे दोन्ही बाजू बोलणीला बसल्या होत्या, कुणी कुणाला गप्प केलं नव्हतं. सोळाव्या शतकातला हा अर्थ आणि एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाच्या तोंडचा अर्थ यांत अंतर पडलं ते इथेच: करार करणारे दोन पक्ष जाऊन एक करणारा आणि एक करून घेणारा उरला.

आता खानदेश, तुमचा खरा विषय.

१८१८च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख कंपनीला दिला, त्याच वर्षी पेशवाईही संपली. मुलूख हाती आला तेव्हा तो उजाड होता. १८०३-०४चा दुष्काळ, होळकर आणि शिंद्यांच्या फौजांची येजा, पेंढारी, वर पगार थकलेली अरब शिबंदी, म्हणजे भाडोत्री फौज. मालेगावचा किल्ला अरबांकडून घ्यायला कंपनीला मे-जून १८१८मध्ये वेढा घालावा लागला. भिल्लांकडे गावांची राखण आणि घाटवाटांवरचे हक्क होते. ते हक्क ज्या व्यवस्थेतून मिळत ती कोसळली. सातमाळा आणि सातपुड्यातून उतरून जे ते घेत, त्याला कंपनीच्या कागदांत फक्त 'लूट' म्हटलं आहे.

दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याच्या हाताखाली कॅप्टन जॉन ब्रिग्जने कारभार घेतला. डोंगरात फौजा पाठवल्या, रसद तोडली, काही म्होरक्यांना मारलं, आणि त्याच वेळी शरण येणाऱ्या नाईकांना माफी आणि तनखे दिले. कधी जोर एकावर, कधी दुसऱ्यावर. दंगे मात्र थांबेनात. १८२५मध्ये धोरण बदललं, भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि भिल्ल पलटण उभी करायचं काम लेफ्टनंट जेम्स आउटरमकडे आलं. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. मुख्य ठाणं धरणगावला. त्याने आधी डोंगरात शिरून हल्ला केला, कैदी पकडले, मग त्यांतल्याच काहींना आपल्याकडे भरती करून घेतलं, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्या पंगतीत बसला. इंग्रजी चरित्रकारांना शिकारीचा भाग फार आवडतो, हल्ल्याचा भाग ते एका वाक्यात उरकतात. पुढे १८३०मध्ये डांगवरच्या मोहिमेचं नेतृत्व याच आउटरमकडे आलं.

म्हणजे 'पॅसिफाइड' या एका शब्दाखाली काय काय आहे पाहा: मोहीम, नाकेबंदी, देहदंड, माफी, तनखा, जमीन, नोकरी. यातलं 'शांत करणे' कोणतं? तुमच्या वाक्याची अडचण सौम्यपणापुरती नाही. 'भिल्लांना शांत केले' म्हटलं की भिल्ल उगाच चिडलेले होते असा अर्थ वाक्यात शिरतो. त्यांचे बुडालेले हक्क दिसेनासे होतात आणि आउटरम समजूतदार वडीलधारा होतो. शिवाय ते घटनांनाही धरून नाही. सेंधव्याच्या घाटरस्त्याच्या राखणीवर कंपनीच्याच नोकरीत असलेला खाज्या नाईक १८५७मध्ये बंडात उतरला, आणि १८५८च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली.

त्या काळच्या मराठी कागदांकडे वळा, तिथे मदत मिळते. मोडी पत्रव्यवहारात या प्रत्येक कृतीला वेगळा शब्द आहे. पळून गेलेल्यांना परत बोलावून अभय द्यायचं तो 'कौल'. बळाने मोडायचं ते 'पारिपत्य'. समज द्यायची ती 'तंबी', आणि ही समज कागदावर दिसते तितकी गोड नसे. ज्याच्याविरुद्ध हे करायचं तो 'पुंडावा'. या सगळ्यांवर पसरणारा एक शब्द आहे 'बंदोबस्त'. त्यात फौजेचा पहारा आला, वसुलीची व्यवस्था आली, ठाणी बसवणं आलं, आणि बोलणाऱ्याची नजर दरबाराची आहे हेही आलं. 'पॅसिफिकेशन'च्या सगळ्यात जवळ मला हाच वाटतो.

पण त्यातही एक खाच आहे. आजच्या वाचकाच्या कानाला 'डासांचा बंदोबस्त' आणि 'भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त' ओळखीचे आहेत. 'भिल्लांचा बंदोबस्त केला' हे त्यामुळे इंग्रजीपेक्षा कितीतरी क्रूर ऐकू येतं. मी माणसांऐवजी मुलखाला जोडते: 'खानदेशचा बंदोबस्त', 'सातपुड्याकडील मुलखाचा बंदोबस्त'. मूळ इंग्रजीत कर्म देश आहे की माणसं, हेही पाहत चला. एकच लेखक दोन्ही वापरतो, आणि कुठे काय वापरतो त्यावर टिपणी करण्याजोगं सापडू शकतं.

हा शब्द एकट्या खानदेशापुरता नव्हता. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी दोन आठवड्यांत बर्माची राजधानी मंडाले घेतली आणि तिथल्या थिबा राजाला पदच्युत करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं, तो १९१६मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहणाऱ्यांना वाटतं की राजा गेला आणि युद्ध संपलं. राजा गेल्यावर गावोगावी प्रतिकार पेटला आणि तो मोडायला काही वर्षं गेली. लढणाऱ्यांना 'डकॉइट' म्हटलं गेलं, हाही आपल्याकडून उचललेला शब्द. गावांना सामुदायिक दंड, गावंच्या गावं हलवणं, जाळणं हे सगळं झालं. १८८७ ते १८९० तिथे चीफ कमिशनर असलेल्या चार्ल्स क्रॉस्थवेटने या कामगिरीवर १९१२मध्ये पुस्तक काढलं, त्याच्या नावातच 'पॅसिफिकेशन' आहे. पुढे त्याच बर्मात पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६च्या राजकीय भाषेवरच्या निबंधात नेमका हाच शब्द पकडला: खेड्यांवर बॉम्ब पडतात, माणसं हाकलली जातात, झोपड्या जळतात, आणि कागदावर 'पॅसिफिकेशन' लिहिलं जातं. शब्द अजून निवृत्त झालेला नाही. रिओ द जानेरोत २००८पासून झोपडवस्त्यांत जे पोलीस पथक बसवलं गेलं, त्याच्या अधिकृत पोर्तुगीज नावात हेच विशेषण आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला 'चिरडले' लिहायचा मोह होईल. कुठे लिहिताय त्यावर ते अवलंबून आहे.

इंग्रजी उतारा अवतरणात देत असाल तर लेखकाचा पडदा तसाच राहू द्या. त्याने साधन लपवलं असेल तर ते लपवणं हाच तुमचा पुरावा आहे. 'चिरडले' लिहून तुम्ही तो पुरावा पुसता, आणि वाचकाला वाटतं की साहेब स्वतःच कबुली देत होता. अशा जागी 'शांतता प्रस्थापित केली' हा आपल्या सरकारी मराठीतला प्रयोग मला चालतो, कारण तो मुळाइतकाच गुळमुळीत आणि मुळाइतकाच आत्मसंतुष्ट आहे. जुना सूर हवा असेल तर 'मुलखाचा बंदोबस्त केला'. पहिल्यांदा येईल तिथे तळटीप द्या, की मूळ शब्द अमुक असून त्यात लष्करी कारवाई, माफी, तनखे आणि भरती हे सगळं येतं. नंतर प्रत्येक वेळी द्यायची गरज नाही.

तुमच्या स्वतःच्या निवेदनात मात्र हा शब्द, इंग्रजी किंवा मराठी, कुठल्याच रूपात नको. तिथे कृती सांगा, कुणी कुणावर केली ते सांगा, आणि क्रमाने सांगा. लाल रेघेखालचं वाक्य मी साधारण असं लिहीन: '१८२५ नंतर आउटरमने डोंगरातील भिल्लांवर हल्ले केले, पकडलेल्यांपैकी काहींना भिल्ल पलटणीत घेतले आणि त्या पलटणीच्या बळावर उरलेल्यांना शरण यायला लावले.' लांब आहे, पण परीक्षकांनी 'कशानं?' विचारलं तर उत्तर वाक्यातच आहे.

राहता राहिला प्रकरणाच्या मथळ्याचा प्रश्न, कारण तिथे एकच शब्द बसतो. काही पुस्तकांत 'शांतीकरण' असा घडवलेला शब्द दिसतो. मला तो पटत नाही. आपल्या वाचकाच्या मनात 'शांती' म्हटलं की वास्तुशांती, नक्षत्रशांती, होम आणि भटजी येतात. 'खानदेशचा बंदोबस्त (१८१८ ते १८३५)' असा मथळा ठेवा, आउटरम १८३५पर्यंत तिथे होता म्हणून शेवटचं वर्ष ते. बाईंना मथळ्यात मूळ संज्ञाच हवी असेल तर 'पॅसिफिकेशन' सरळ देवनागरीत, एकेरी अवतरणचिन्हांत लिहा. तुम्ही तो शब्द उसना घेतलाय, मान्य केलेला नाही, हे त्या दोन चिन्हांतून कळतं.